वाचता येत नाही, म्हणजे नेमकं काय येत नाही?

दोन वाक्यं घेऊ. 'गाडी डोंगराजवळ थांबली. बाळूला पाणी हवं होतं.' तिसरीच्या मुलाला सहज जमावीत अशी. पेण तालुक्याच्या खारेपाटातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत ती फळ्यावर लिहिली आणि तीन मुलांना उभं केलं, असं धरून चालू. पहिला वाचतो, 'गारी डोंगराजवल थांबली. बालूला पानी हवं होतं.' दुसरा म्हणतो, 'गाय... डोंगर... थांबा. बाबूला पान...' आणि बाईंच्या तोंडाकडे बघत राहतो. तिसरी मुलगी एकेक अक्षरावर बोट दाबत 'गा-डी-डों-ग-रा-ज-व-ळ' असं स्वच्छ, बिनचूक वाचून काढते. काय थांबलं, असं विचारलं की गप्प.

शाळेच्या रोजच्या भाषेत या तिघांना एकच शब्द आहे: अप्रगत. पूर्वी 'ढ' होता. (ब्राह्मीपासून आजवर ज्याचं रूप जवळपास तेच राहिलं ते हे अक्षर, म्हणून जो बदलत नाही तो 'ढ', अशी व्युत्पत्ती मास्तर मंडळी हौसेने सांगत. ती खरी असो की नसो, ऐकणाऱ्या मुलाला तिचा काही उपयोग नव्हता.) शब्द सुसंस्कृत झाला, पण त्यात कोंबलेली मुलं तीच राहिली.

पहिला मुलगा तर वाचतोच आहे. आगरी बोलीत ळचा ल होतो, णचा न होतो, गाडीची गारी आणि झाडाचं झार होतं. त्याने छापलेलं अक्षर ओळखलं, अर्थ लावला आणि तो आपल्या घरच्या उच्चारात आपल्यापर्यंत पोचवला. वाचन म्हणतात ते हेच. दुसरा पहिल्या अक्षरावरून अंदाजपंचे शब्द ठोकतो, कारण काना, मात्रा, वेलांटी यांनी अक्षराचं काय होतं हे त्याच्या हाती पक्कं लागलेलं नाही. तिसरीला लिपी येते, पण सगळी शक्ती उच्चारात खर्ची पडते. कदाचित प्रमाण मराठीतली अशी वाक्यं तिच्या कानांवरूनच फारशी गेलेली नसतील. तीन मुलं, तीन वेगळी कारणं. यातल्या एकाला तर उपचाराची गरजच नाही.

गेल्या वीस वर्षांत मुलांचं वाचन मोजण्याची साधनं भरपूर आली. त्यातलं कोणतं साधन या तिघांना एकमेकांपासून वेगळं काढतं, हा खरा प्रश्न आहे.

सर्वांत गाजलेलं साधन म्हणजे 'असर'. मुंबईत 1995मध्ये सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेने 2005पासून हे ग्रामीण सर्वेक्षण चालवलं. जिल्ह्यातली 30 गावं, प्रत्येक गावातली 20 घरं. मुलाला शाळेत नव्हे, घरी गाठायचं, म्हणजे शाळेत न येणाराही मोजला जातो. हातात एक कागद, त्यावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. पाच अक्षरांपैकी चार ओळखली की 'अक्षर' पातळी. कुणालाही दहा मिनिटांत शिकता येईल इतकं साधं, आणि त्यातच त्याची ताकद. 2018 साली देशातल्या ग्रामीण तिसरीच्या मुलांपैकी 27.3 टक्के मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकत होती. करोनानंतर 2022ला हा आकडा 20.5वर घसरला आणि 2024ला 27.1वर परत आला. म्हणजे साथीचा खड्डा भरला. पण खड्ड्याआधीचा रस्ताही असा होता की चारातली जेमतेम एक गाडी वेळेवर पोचत होती.

'असर' हा जिल्ह्याचा ताप बघणारा थर्मामीटर आहे. तो धोरणाला जागं करतो आणि ते काम त्याने चोख केलं. पण आपल्या दुसऱ्या मुलाला आणि तिसऱ्या मुलीला तो बहुधा एकाच पायरीवर उभं करील, कारण तो पायरी सांगतो, अडखळण्याचं कारण नव्हे. कारण सांगणं हे त्याचं कामही नाही. चूक आपली होते: जिल्ह्यासाठी केलेलं माप आपण वर्गात आणून मुलाच्या कपाळावर चिकटवतो.

राज्य सरकारच्या उपक्रमांची मोजदाद करायची तर पान पुरणार नाही. 22 जून 2015च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' सुरू झाला, पायाभूत आणि संकलित चाचण्या आल्या. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळा बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या भरभरून गेल्या. तिथे खरोखर बघण्यासारखं होतं. पुढे मात्र शाळा 'प्रगत' घोषित करण्याची चढाओढ लागली, आणि ज्या शाळेला स्वतःलाच आपण प्रगत असल्याचं जाहीर करायचं आहे तिथे अडखळणारं मूल ही अडचण होऊन बसते. 5 जुलै 2021ला केंद्राचं 'निपुण भारत' आलं: तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आलं पाहिजे, मुदत 2026-27. 2025च्या मार्चमध्ये 'निपुण महाराष्ट्र' कृती कार्यक्रम आला. मध्येच 2023मध्ये पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षाही परतली. तिसरीत लपलेलं न-वाचन आता पाचवीत नापास होऊन बाहेर पडतं, म्हणजे दोन वर्षं उशिरा.

'निपुण'च्या एका उद्दिष्टाबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे. तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द अर्थासह वाचावेत, असं ते सांगतं. ऐकायला ठीक. पण शब्द म्हणजे काय? हिंदीत 'घर के सामने' हे तीन शब्द झाले, मराठीत 'घरासमोर' हा एक. 'पहाड़ के पास' तीन, 'डोंगराजवळ' एक. मराठी प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, आधी मूळ शब्दाचं सामान्यरूप करतात आणि मग शेपूट लावतात. मुलाला 'डोंगर' ओळखीचा असतो, 'डोंगराजवळच्या' समोर आला की तो बुजतो. एनसीईआरटीच्या 2022च्या पायाभूत अध्ययन सर्वेक्षणात 20 भाषांमधून मुलांना एकेकटं बसवून तपासलं गेलं आणि भाषावार निकष ठरवण्याचा प्रयत्न झाला, ही समजूतदार गोष्ट. तरी वर्गात पोचतो तो साठचाच आकडा. मग मोबाइलवर स्टॉपवॉच लावून मुलाला पळवणं सुरू होतं. आपली तिसरी मुलगी सरावाने साठपर्यंत पोचेलही. काय थांबलं, हे तरीही तिला सांगता येणार नाही.

लिपीही आपला वेळ घेते. इंग्रजीत 26 अक्षरांचा हिशेब संपतो. देवनागरीत प्रत्येक व्यंजनाची बाराखडी, शिवाय जोडाक्षरं, असं शेकडो रूपांचं प्रकरण आहे. पहिली वेलांटी आधी लिहायची पण तिचा उच्चार नंतर करायचा. 'र' तर बहुरूपीच: कर्म, चक्र, ट्रक, दऱ्या, चारही ठिकाणी वेगळा. 'चमचा' आणि 'चार' यांतला च एकाच खुणेचा, उच्चार दोन. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या अभ्यासात दिसलं की आपल्यासारख्या अक्षरलिप्या पूर्ण आत्मसात व्हायला चौथी-पाचवी उजाडते. इंग्रजी वाचन-संशोधनातली वेळापत्रकं जशीच्या तशी उचलून दुसरीतल्या मुलाला 'मागे पडलेला' ठरवणं म्हणून धोक्याचं. पेण तालुक्यातल्या गागोद्यात 1895 साली विनोबा जन्मले. भारतातल्या सगळ्या भाषा नागरीतही लिहिल्या जाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्याच तालुक्यात नागरीची वेलांटी मुलांना इतका घाम फोडते, हे विनोबांना कळतं तर त्यांनी आधी पहिलीच्या वर्गात जाऊन बसायचं ठरवलं असतं असं मला वाटतं.

अक्षरओळखीपलीकडचा पुरावा मराठीत आहे, आणि तो फार लांबचाही नाही. मराठीसाठी पालघरच्या वाड्यात, निलेश निमकर यांच्या 'क्वेस्ट' संस्थेच्या साथीने, आणि कन्नडसाठी कर्नाटकातल्या यादगीरमध्ये, शैलजा मेनन यांच्या पुढाकाराने भारतीय भाषांतल्या साक्षरतेचा दीर्घ अभ्यास 2011पासून झाला. तीच ती मुलं वर्षानुवर्षं तपासली गेली. त्यातून दिसलेलं चित्र असं: वर्गातला बहुतेक वेळ अक्षरं आणि बाराखडी गिरवण्यात जातो, अर्थाची पाळी 'आधी वाचायला तर येऊ दे' म्हणत पुढे ढकलली जाते, आणि ज्या मुलांच्या घरची भाषा वेगळी त्यांच्यासाठी ती पाळी येतच नाही. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्था आणि 1986पासून कमला निंबकर बालभवन चालवताना नेमका उलटा रस्ता धरला: वर्णमालेचा क्रम सोडा, मोजकी अक्षरं आणि एखादी मात्रा घेऊन पहिल्याच दिवसांत अर्थाचे शब्द वाचायला द्या. जन्माने अमेरिकन असलेल्या या बाईंना मराठी मुलांची अडचण दिसली. कदाचित आपण मराठी शिकलो कसे हे त्या विसरल्या नव्हत्या, म्हणून.

घरची भाषा वेगळी म्हणजे काय, हे पेण आणि रोह्यात नकाशावर बोट ठेवून दाखवता येतं. खाडीकडे आगरी आणि कोळी गावं, डोंगराकडे कातकरी आणि ठाकूर वाड्या, धाटाव आणि नागोठण्याच्या कारखान्यांच्या आसऱ्याने आलेली हिंदी बोलणारी कुटुंबं. आगरी मुलाची अडचण उच्चारापुरती, ती दुरुस्त करू नये एवढंच शिक्षकाने करायचं आहे. 'गारी नाही, गाडी म्हण' असं दहा वेळा टोकलं की मूल वाचायचं सोडून बाईंचे ओठ वाचायला लागतं. कातकरी मुलाचं तसं नाही. कातकरी ही वेगळी बोली आहे, समाज अतिअसुरक्षित आदिम गटात मोडतो, आणि पहिलीच्या पुस्तकातलं मराठी त्याच्यासाठी जवळपास परकं असतं. त्याला आधी ही भाषा ऐकायला आणि बोलायला मिळाली पाहिजे. न येणाऱ्या भाषेत वाचायला शिकवणं म्हणजे पाणी नसलेल्या विहिरीत पोहायला शिकवणं.

इथे न्यूझीलंडच्या सिल्व्हिया अॅश्टन-वॉर्नर आठवतात. माओरी मुलांना शिकवताना त्यांनी छापील पुस्तक बाजूला ठेवलं, प्रत्येक मुलाला त्याच्या मनातला शब्द विचारला आणि तोच कार्डावर लिहून दिला. 1963च्या 'टीचर' या पुस्तकात हे सगळं आलं आहे. कातकरी वाडीत हा प्रयोग करायला खर्च शून्य. खेकडा, जाळं, गलोल, भट्टी, मध: हे शब्द मुलाच्या बोटांना आधीच माहीत आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1945मध्ये बोर्डीला गेल्या आणि नंतर कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणात, कुरणात शाळा घेऊन गेल्या, त्यामागची समज हीच. मूल शाळेत येत नाही तर शाळेने जायचं. ऐंशी वर्षं झाली, तरी हे वाक्य नवीन वाटतं.

कारण पेण-रोह्यातलं सर्वांत मोठं दुखणं ना लिपीचं आहे ना बोलीचं. ते पंचांगाचं आहे. कातकरी कुटुंब पावसाळ्यात वाडीवर असतं. गरजेला उचल घेतलेली असते आणि दिवाळी झाली की ती फेडायला वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जावं लागतं, पोराबाळांसकट. परत येतं ते पाऊस तोंडावर आला की. शाळेच्या चाचण्यांचं वेळापत्रक याच्याशेजारी ठेवून बघा. पायाभूत चाचणी पावसाळ्यात, पहिली संकलित दिवाळीच्या आसपास, दुसरी संकलित एप्रिलमध्ये. मूल पहिल्या चाचणीला असतं, दुसऱ्या चाचणीला असलं तर असतं, तिसऱ्या चाचणीला नसतं. वर्षभरात किती शिकलं, हे मोजायला जी दोन टोकं लागतात त्यातलं एक टोक कायमचं गायब. जूनमध्ये ते परत येतं आणि पुढच्या इयत्तेत बसतं. शिक्षण हक्क कायद्याने वयानुरूप प्रवेश दिला, ते योग्यच झालं. पण त्या मुलाने वर्षभरात पाचच महिने फळा पाहिला आहे, हे कोणत्याही निकालपत्रकात दिसत नाही. तिथे फक्त 'अप्रगत' दिसतं.

यावर उपाय सुचले नाहीत असं नाही. वसई भागात विधायक संसदेने भट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. भट्टीवरच्या झोपडीला भोंगा म्हणतात, तिथेच शाळा. सरकारने स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आणलं: मूल जिथे जाईल तिथल्या शाळेने त्याला बसवून घ्यायचं. कल्पना चांगली आहे, भट्टीजवळची शाळा चालत जाण्याच्या अंतरावर असली तर.

आता मदतीकडे वळू. ज्याचा पुरावा सर्वांत भक्कम आहे तो उपाय साधा आहे: दिवसातला तास-दीड तास इयत्ता विसरा आणि मुलांना वाचनाच्या पायरीप्रमाणे बसवा. 'प्रथम'च्या बालसखी उपक्रमाची मुंबई आणि वडोदऱ्यात तपासणी झाली. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांचं हे काम, त्यांना 2019चं नोबेल ज्या कामगिरीसाठी मिळालं तिचा हा एक भाग. गंमत अशी की पेणच्या दोनशिक्षकी शाळेला हे नोबेल घरबसल्या उपलब्ध आहे. पहिली ते चौथी एकाच खोलीत, इयत्तांच्या भिंती मुळातच नाहीत. अडचण दुसरीच: पट सात. सात मुलांचे चार गट केले तर एकेका गटात एक-दोनच. तिथे गट नको, मोठ्या मुलाने लहान्याला शेजारी बसवून वाचणं जास्त चालतं. एक ओळ याने, एक ओळ त्याने, मग तीच गोष्ट दुसऱ्या दिवशी पुन्हा. ओळखीचा मजकूर पुन्हा वाचणं आपल्याकडे उगाच बदनाम आहे. 'त्याला पाठच झालंय' अशी तक्रार होते. पाठ झालेल्या मजकुरावर बोट फिरवतच बरीच मुलं अक्षराला आवाजाशी जोडतात.

आणि मोठ्याने गोष्ट वाचून दाखवणं. रोज, दहा मिनिटं, प्रश्नोत्तरांचा ससेमिरा न लावता. तिसऱ्या मुलीचं औषध हेच आहे. 'क्वेस्ट'च्या गोष्टरंगमध्ये तरुण नट शाळांत जाऊन गोष्टी रंगवतात, माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं आहेत, प्रथम बुक्सची स्वस्त चित्रपुस्तकं आहेत. शाळेच्या कपाटात ती असतातही. कपाटाला कुलूप असतं, कारण फाटलं तर भरून द्यायची भीती असते.

चावडीवाचनाबद्दल मात्र माझं मत प्रतिकूल आहे. गावासमोर मुलाने वाचून दाखवायचं, पालकांना प्रगती कळायची, असा हेतू. ज्याला येतं तो फुलतो. ज्याला येत नाही त्याला अख्ख्या गावासमोर ते कळतं.

डिस्लेक्सियाचा उल्लेख केल्याशिवाय हा आढावा पुरा होत नाही, पण तो शेवटी यावा, पहिल्यांदा नव्हे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमता 21 प्रकारांत घेतली. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 2015मध्ये भारतीय भाषांसाठी 'डाली' ही चाचणी काढली, तिच्यात मराठीही आहे. म्हणजे इंग्रजी कसोटीवर मराठी मूल तपासण्याची सक्ती उरली नाही. पण प्रमाणपत्राची वाट अलिबागकडे किंवा रोहा-दिवा गाडीने मुंबईकडे जाते, आणि प्रत्येक खेपेला आईबापाची एक दिवसाची मजुरी बुडते. त्याआधीची तपासणी दारात होऊ शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. डोळे आणि कान त्या दिवशी नीट तपासून घ्या. फळ्यावरचे 'घ' आणि 'ध' ज्याला सारखेच दिसतात ते मूल अप्रगत नसतं, त्याला चष्मा लागतो. आणि ज्याने वर्षात पाचच महिने शाळा पाहिली त्याच्यावर अध्ययन अक्षमतेचा शिक्का मारणं हा अन्याय आहे. आधी शिकवून बघायचं, मग शंका घ्यायची.

मग तिघांना वेगळं काढणारं साधन कोणतं? मला दिसतं ते एकच, आणि त्याला पेन्सिल लागते. न्यूझीलंडच्याच मेरी क्ले यांनी ते रूढ केलं: मूल वाचत असताना शेजारी बसायचं, छापलेल्या शब्दावर त्याने जे उच्चारलं ते जसंच्या तसं लिहायचं, टोकायचं नाही, शेवटी एकच प्रश्न विचारायचा. 'गारी' लिहिलं की बोली दिसते, 'गाय' लिहिलं की अंदाज दिसतो, सगळं बरोबर आणि उत्तर कोरं असलं की अर्थाचं भोक दिसतं. एका मुलाला पाच मिनिटं. वीस पटाच्या शाळेत आठवड्यात सगळी मुलं होतात, जर त्या आठवड्यात मतदार यादीचं काम, ऑनलाइन माहिती आणि तांदळाचा हिशेब यांतून शिक्षक वर्गात बसू शकला तर. केंद्रप्रमुखांनी शिक्षण परिषदेत टक्क्यांचा तक्ता मागण्याऐवजी अशी दोन पानं वाचून दाखवायला सांगावीत. चर्चा आपोआप बदलेल.

पेण-रोह्यातल्या गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. दिवाळीच्या सुट्टीआधी जी मुलं भट्टीवर जाणार हे तुम्हाला पक्कं ठाऊक असतं, त्यांचं हे पाच मिनिटांचं वाचन सर्वांत आधी ऐका. हमी पत्रकावर इयत्ता लिहिलेली असेलच. तिच्याखाली, पुढच्या शाळेतल्या अनोळखी शिक्षकासाठी, आपल्या हाताने दोन ओळी लिहा: काना, मात्रा, वेलांटी येते, रफाराला अडतो. घरी कातकरी बोलतो, खेकड्याची गोष्ट काढली की थांबत नाही.